उदास नव्हे, उदासीन

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना आणि शिवाजी पेठेतले आजोबा घरी? असं सुरू झालं की घरात चर्चा होतेच. विचारलं तर म्हणतात, "काय नाही, बसलोय की." वाढलं की जेवतात, रंकाळ्यावर चला म्हटलं की येतात, आपणहून मात्र काहीच करत नाहीत. घरचे म्हणतात, उदास झालेत. शेजारी म्हणतात, आळस, दुसरं काय!

वैद्यकात या अवस्थेला 'ॲपथी' म्हणतात, मराठीत उदासीनता. गंमत अशी, की दोन्ही शब्द एके काळी मानाचे होते. ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांची 'अपाथेया' म्हणजे विकारांच्या कचाट्यातून सुटलेलं मन. गीतेच्या बाराव्या अध्यायात 'उदासीन' हा भक्ताचा गुण आहे, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उदासीन राजा म्हणजे भांडणाबाहेरचा, पण सगळ्यांत बलवान. पुढे मराठीत 'उदास' म्हणजे खिन्न झालं आणि घरोघरी दोन वेगळ्या अवस्थांची गल्लत होऊ लागली.

ती महागात पडते. 1990च्या सुमारास अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट मॅरिन यांनी ॲपथी हे नैराश्यापासून वेगळं, प्रेरणा हरवण्याचं लक्षण म्हणून मांडलं. कुठलंही काम सुरू करण्याआधी मेंदू मिळणारं सुख आणि पडणारे कष्ट तोलतो. कपाळामागच्या भागाची आतली बाजू, मेंदूत खोलवर असलेला स्ट्रायटम आणि डोपामिन हे रसायन मिळून हा हिशेब करतात. पार्किन्सन, अल्झायमर किंवा पक्षाघातात ही जोडणी बिघडू शकते. मग हातपाय हलतात, सामन्याची आठवणही असते, पण उठावंसंच वाटत नाही. त्याला आळस म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

नैराश्यात माणूस आतून पोळतो, स्वतःला दोष देतो. इथे दुःखसुद्धा फारसं नसतं. त्रास होतो तो घरच्यांना. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच हवं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी काही जणांची उदासीनता उलट वाढते.

घरी एक करता येतं. "आज काय करायचं?" असं विचारू नका, सुरुवात करणं हेच तर त्यांना जमत नाही. "बाबा, उठा, चप्पल घाला, निघूया," असं म्हणा. आणि डॉक्टरांना नुसतं 'उदास असतात' सांगू नका. रडतात का, स्वतःला बोल लावतात का, की नुसते बसून राहतात, हे नीट सांगा.