मीलनवर्तनाच्या चेतापेशी घडवणारे डीएम प्रतिलेखन घटक

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत नराच्या मीलनवर्तनामागील चेतापेशींची जडणघडण ठरवणारा प्रथिनांचा गट. प्रतिलेखन घटक डीएनएच्या ठरावीक भागांना चिकटून जनुके चालू किंवा बंद करतात. या गटातील प्रथिनांत त्यासाठी डीएम नावाचा भाग असतो. सूत्रकृमीतील एमएबी-३, फळमाशीतील डबलसेक्स आणि पृष्ठवंशीयांतील डीएमआरटी१ ही एकाच कुळातली. लिंगनिश्चितीच्या पद्धती प्राण्याप्राण्यांत कमालीच्या वेगळ्या असताना हे कूळ मात्र सर्वत्र टिकून आहे, हे विशेष.

या कृमीत दोन एक्स गुणसूत्रे असलेले उभयलिंगी आणि एकच एक्स असलेले नर असे दोन प्रकार असतात. उभयलिंगीत ३०२ चेतापेशी असतात, नरात ३८७. नराच्या जादा पेशी मुख्यतः शेपटीत एकवटलेल्या आहेत, आणि मीलनाचा क्रम पाहिला की त्याचे कारण कळते. शेपटी उभयलिंगीच्या अंगाला लागताच नर थबकतो, शेपटीची खालची बाजू तिच्या अंगाला टेकवून मागे सरकू लागतो. टोक आले की शेपूट वळवून दुसऱ्या बाजूने शोध चालू ठेवतो. जननछिद्र सापडले की थांबतो, स्पिक्यूल नावाचे दोन काटे आत घालतो आणि शुक्राणू सोडतो. स्पर्श ओळखण्याचे काम शेपटीच्या पंख्यातील किरणांच्या, म्हणजे बोटांसारख्या संवेदी अवयवांच्या, नऊ जोड्या करतात. प्रत्येक किरणात दोन चेतापेशी आणि एक आधारपेशी असते. जननछिद्र हेरण्यात हुक या शेपटीवरील संवेदी अवयवातील चेतापेशींचा वाटा मोठा आहे.

या साऱ्याची किल्ली टीआरए-१ या प्रथिनाकडे आहे. उभयलिंगीत ते कार्यरत राहून नरत्वाची जनुके दाबून ठेवते. नरात ते नाहीसे होते आणि ती जनुके मोकळी होतात. एमएबी-३ हे त्यांपैकीच एक. ते नसेल तर किरण नीट तयार होत नाहीत, शिवाय नराच्या आतड्यात अंड्यातील बलकाची प्रथिने बनू लागतात. किरणांच्या निर्मितीत त्याला लिन-३२ हे चेतापेशी घडवणारे प्रथिन साथ देते, आणि कोणता किरण कोणत्या प्रकारचा हे ठरवण्यात एमएबी-५ व ईजीएल-५ या हॉक्स जनुकांचा, म्हणजे शरीराच्या भागांची ओळख ठरवणाऱ्या जनुकांचा, हात असतो.

याहून विलक्षण आहे दोन्ही लिंगांत असणाऱ्या चेतापेशींची कथा. शेपटीतील पीएचबी ही संवेदी पेशी उभयलिंगीत घातक रसायनांपासून दूर नेते. नरात तिचा उपयोग मीलनासाठी होतो. पेशी तीच, फरक जोडणीत. लहान अळीत पीएचबी दोन्ही लिंगांत एव्हीए व एव्हीजी या दोन्ही चेतापेशींशी जोडलेली असते. लैंगिक परिपक्वता येताना उभयलिंगीत एव्हीजीशी असलेल्या चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्या, छाटल्या जातात, नरात एव्हीएशी असलेल्या. ही छाटणी २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाली. एव्हीजीमध्ये डीएमडी-५ व डीएमडी-११ ही डीएम प्रथिने फक्त नरात तयार होतात आणि तिची नराची जोडणी टिकण्यासाठी ती लागतात. एकाच पेशीचे लिंग प्रयोगशाळेत बदलले, तरी तिची जोडणी त्यानुसार बदलते. म्हणूनच 'मीलनाचे जनुक' हा शब्दप्रयोग येथे दिशाभूल करतो. प्रतिलेखन घटक वर्तनाचा हुकूम देत नाही, तर कोणत्या तारा राहतील आणि कोणत्या जातील हे पेशीगणिक ठरवतो.

पेशी जगेल की मरेल हेही असेच ठरते. डोक्यातील सीईएम या चार पेशी उभयलिंगीत भ्रूणावस्थेतच मरतात. नरात सीईएच-३० हा होमिओबॉक्स गटातला प्रतिलेखन घटक त्यांना वाचवतो. तो डीएम कुळातला नाही, पण त्यालाही दाबून ठेवणारे टीआरए-१च.

कधीकधी जनुक बंद करण्याऐवजी तयार प्रथिनच काढून टाकले जाते. पीएचबी आणि शेपटीतीलच पीएचए या संवेदी पेशींमध्ये डीएमडी-४ हे डीएम प्रथिन लहानपणी दोन्ही लिंगांत असते. परिपक्वतेच्या वेळी नरात त्याचा नाश होतो, उभयलिंगीत ते टिकते आणि तिची जोडणी राखते. त्याच्या टिकण्यामागे युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाला चिकटणारा त्याचा एक भाग आहे. माणसातील डीएमआरटी३ या नातलग प्रथिनालाही तोच भाग स्थैर्य देतो.