रोझा दा तिव्होलीचा बोकड

पुढ्यात एक बोकड, अंगावरच्या केसांच्या जटा झालेल्या, नजर थेट आपल्यावर. शेजारी दोन मेंढ्या, एखादी गाय, कातडं पांघरून पेंगणारा मेंढपाळ. मागे तपकिरी कातळ आणि वर कोपऱ्यात वादळी आभाळाचा तुकडा. युरोपातल्या जुन्या संग्रहांत अशी चित्रं ढिगानं आहेत, आणि त्यांखाली हटकून दिसणारं नाव म्हणजे रोझा दा तिव्होली. नाव इटालियन, माणूस मात्र सतराव्या शतकातला जर्मन चित्रकार, खरं नाव फिलिप पेटर रोस.

चित्रांत जनावरं त्याच्या आधीही होती, पण निमित्तापुरती. सोळाव्या शतकात इटालियन चित्रकार याकोपो बास्सानोनं बायबलच्या प्रसंगांत गुरंढोरं शिरवली. पुढे जेनोव्हाच्या कास्तिल्योने या चित्रकाराला नोहाची नाव, म्हणजे बायबलमधल्या महापुरात जनावरांच्या जोड्या वाचवणारं तारू, हा विषय फार लाभला. देवाचं काम, पण सगळा जीव जनावरांत. हॉलंडमध्ये तेवढं निमित्तही उरलं नाही. पाउलुस पॉटरनं १६४७ साली खऱ्याएवढा बैलच रंगवून ठेवला. फक्त तिथली जमीन सपाट. कातळ आणि इटलीचं ऊन या चित्रांत आलं ते पीटर व्हान लारसारख्या रोमला राहून आलेल्या डच चित्रकारांमुळे.

रोसचे वडील योहान हाइनरिश अॅमस्टरडॅमला शिकले आणि फ्रँकफर्टमध्ये स्थिरावले. त्यांची जनावरं निवांत, रवंथ करणारी. त्यांची मेंढरं पाहून जर्मन कवी गटेला अस्वस्थ वाटायचं, त्यांच्या मंद सुस्तीत आपणही ओढले जाऊ अशी धास्ती वाटायची. मुलाचा पिंड वेगळा. हेसे-कासेलच्या सरदाराच्या पैशावर तो १६७७ साली रोमला गेला तो परतलाच नाही. चित्रकार ब्रांदीच्या मुलीशी लग्न करायचं म्हणून कॅथलिक झाला आणि पुढे रोमजवळच्या तिव्होलीला घर केलं. घरात इतकी जनावरं, की लोक त्या घराला नोहाची नावच म्हणत.

तिव्होलीला दगड आयताच होता. रोसनं जनावर पुढे आणून नजरेच्या पातळीवर उभं केलं, मागचा कडा अंधारात ढकलला. जवळून पाहिलं तर लोकर आणि खडक एकाच जाड, खरबरीत फटकाऱ्यांनी उतरलेले दिसतात. हात भलताच वेगवान. रोममधल्या उत्तरेकडच्या चित्रकारांच्या टोळीनं त्याचं नाव ‘मर्क्युरियस’, म्हणजे रोमन देवांचा चपळ दूत, ठेवलं होतं. सम्राटाचा राजदूत आणि एक स्वीडिश सेनापती यांच्यात पैज लागली आणि त्यांचा पत्त्यांचा डाव संपायच्या आत त्यानं चित्र पुरं केलं, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो नसो, घाईच्या खुणा कॅनव्हासवर आहेतच, आणि त्यातली बरीच चित्रं आज काळवंडलीत.

१७०६ साली तो गेला. एक मुलगा व्हिएन्नात, दुसरा ‘रोझा दा नापोली’ म्हणून तोच धंदा करत राहिला. त्यामुळे एखादा बोकड नेमका कुठल्या रोझाचा, यावर जाणकारांचं आजही एकमत होत नाही.