वृत्तालेखातून हरवलेले ५३ किलो

साखरेचा ‘उतारा’ म्हणजे काय, हे कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गाळलेल्या १०० किलो उसामागे जितके किलो साखर हाती येते तो उतारा, आणि आपल्याकडे चांगल्या हंगामात तो १२ टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणूनच पदवीच्या पहिल्या वर्षातील एका विद्यार्थिनीने तपासायला दिलेल्या प्रकल्प अहवालात, वृत्तालेखातील (म्हणजे वर्तुळाच्या पाकळ्यांतून वाटे दाखवणाऱ्या ‘पाय चार्ट’मधील) साखरेच्या पाकळीवर २६ टक्के हा आकडा पाहून मी थबकलो. तिने एका कारखान्यात जाऊन आकडे काळजीपूर्वक टिपून घेतले होते आणि वर्डमध्ये तसेच भरले होते : साखर १२, बगॅस म्हणजे चिपाड २८, मळी ४ आणि प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ ३. ढोबळ मानाने हे चारही आकडे बरोबर होते.

चूक बेरजेत होती. चारही आकडे मिळून ४७ होतात. उरलेले ५३ किलो म्हणजे मुख्यतः उसातले पाणी, जे रस आटवताना वाफ होऊन निघून जाते. तक्त्यात त्याला जागाच मिळाली नव्हती. वर्तुळ तर पूर्ण काढायचे असते, त्यामुळे प्रोग्रॅमने ४७ म्हणजेच सगळे असे धरले आणि १२ भागिले ४७ या हिशेबाने साखरेला साडेपंचवीस टक्के देऊन टाकले. जिच्या वाट्याला ४३.२ अंशांचा केंद्रीय कोन यायला हवा, ती पाकळी जवळजवळ ९२ अंशांची झाली. भरीस भर म्हणजे पूर्णांकात दाखवलेल्या चार टक्केवाऱ्या २६, ६०, ९ आणि ६ अशा होत्या, ज्यांची बेरीज १०१ भरते. हा दुसरा दोष किरकोळ आहे आणि दशांश चिन्हानंतर एक स्थळ दाखवले की तो जातो. पहिला दोष मात्र कोणत्याही सजावटीने जात नाही.

दहावीच्या गणितात आपण वृत्तालेख कंपास आणि कोनमापक घेऊन काढलेला असतो. घटकाची संख्या भागिले एकूण संख्या, गुणिले ३६०, हे सूत्र वापरताना ‘एकूण’ हा आकडा आपल्या हाताने लिहावा लागतो, आणि तो लिहिताना मन क्षणभर तरी विचारते की हे एकूण नेमके कशाचे. संगणकावर ती पायरी नजरेआड होते. घरात कोणकोणती वाहने आहेत असे विचारले आणि एकाच घराने सायकल, दुचाकी, मोटार अशी तिन्ही उत्तरे दिली, तर टक्केवाऱ्यांची बेरीज शंभराच्या पुष्कळ पुढे जाते. तरीही प्रोग्रॅम त्या सगळ्यांना दाबून एका वर्तुळात बसवतो. तोट्याचा उणे आकडा भरला तर उणे चिन्ह सोडून तेवढ्याच मापाची पाकळी काढतो. वृत्तालेख काढण्यापूर्वी तक्त्याखाली एकदा बेरीज लिहून पाहण्याचा माझा आग्रह यासाठीच आहे.

अखंडाचे वाटे वर्तुळात दाखवण्याची ही युक्ती स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांची मानली जाते. १८०१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ या पुस्तकात त्यांनी तुर्की साम्राज्याचा प्रदेश आशिया, युरोप आणि आफ्रिका या तीन खंडांत कसा विभागला आहे, हे एका वर्तुळाच्या तीन पाकळ्यांनी दाखवले. साम्राज्य एक, खंड तीन आणि कोणताही भूभाग दोन पाकळ्यांत नाही : वृत्तालेखाला लागणारी अट त्या पहिल्या उदाहरणातच पूर्ण झालेली आहे.

वर्डमध्ये तो घालण्याची कृती अगदी सोपी आहे. इन्सर्ट या पट्टीवर चार्ट निवडावे, डावीकडच्या यादीतून पाय घ्यावे, की आकृतीबरोबर एक छोटा तक्ता उघडतो. पहिल्या स्तंभात घटकांची नावे, दुसऱ्यात आकडे. तक्त्यात आधीपासून चार तिमाह्यांचे नमुन्याचे आकडे भरलेले असतात. आपले घटक तीनच असतील तर चौथी ओळ पुसून निळी चौकट आपल्या आकड्यांपुरती ओढून घ्यावी लागते, नाहीतर कुठल्याशा चौथ्या तिमाहीची पाकळी आपल्या अहवालात शिरते. लिबरऑफिस रायटरमध्ये चार्ट घातल्यावर आधी स्तंभालेख येतो आणि मग त्याचा प्रकार बदलावा लागतो.

पुढचा प्रश्न डोळ्यांचा आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४मध्ये दाखवून दिले की एकाच मोजपट्टीवरील स्थानांची तुलना माणूस जितकी अचूक करतो, तितकी कोनांची करू शकत नाही. म्हणून बारा तालुक्यांची आकडेवारी बारा पाकळ्यांत दाखवली तर कागल मोठा की शिरोळ हे वाचकाला कळणार नाही. तिथे स्तंभालेखच हवा. पण अर्धा आणि पाव हे दोन वाटे मात्र डोळा चटकन ओळखतो, कारण एकाची कड सरळ रेषा असते आणि दुसऱ्याची काटकोन. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. तो निर्णय वृत्तालेखात काढला तर वर्तुळ मधोमध दुभागते आणि आकडा न वाचताही अर्थ पोहोचतो. या गुणाचा लाभ हवा असेल तर पहिली पाकळी जिथून सुरू होते तो कोन शून्य ठेवावा, म्हणजे ती घड्याळातल्या बाराच्या जागी सुरू होते, आणि आकड्यांची चढउतार लक्षात घेऊन ओळी मोठ्याकडून लहानाकडे लावाव्यात.

त्रिमितीय वृत्तालेख मी कोणालाही काढू देत नाही. तबकडी तिरपी केली की पुढच्या बाजूची पाकळी आणि तिची जाड कड मिळून प्रत्यक्षाहून मोठी दिसते, मागची आक्रसते, आणि आकडे तेच राहूनही चित्र वेगळे बोलू लागते.

रंगांविषयी बोलायचे तर आपल्याकडे अहवालाची एक प्रत रंगीत निघते आणि बाकीच्या झेरॉक्स. रंगाचे करड्या छटेत रूपांतर करताना सामान्यतः लाल घटकाला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के भार दिला जातो, कारण डोळ्यालाही हिरवा प्रकाश अधिक उजळ भासतो. परिणामी भडक लाल आणि मध्यम गडद हिरवा हे दोन रंग, जे पडद्यावर एकमेकांपासून इतके वेगळे वाटतात, ते करड्यात जवळजवळ एकच होऊन बसतात. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या वाचकाची अडचण याहून कायमची असते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. यावर उपाय म्हणजे रंगांऐवजी फिकट ते गडद अशा छटा निवडणे, पाकळ्यांमध्ये पांढरी रेघ ठेवणे आणि बाजूची रंगसूची काढून डेटा लेबलमधून घटकाचे नाव व टक्केवारी थेट पाकळीवर किंवा तिच्यालगत लिहिणे.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण भेडसावते. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतप्रणाली) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली नावे तक्त्यात चिकटवली की तिथला फाँट बदलतो आणि ‘बगॅस’च्या जागी रोमन अक्षरांचा गुंता दिसतो. नावे युनिकोडमध्येच टंकावीत आणि मंगल किंवा निर्मला यांसारखा फाँट निवडावा.

एक्सेलमधून आकृती आणताना तर अधिक जपावे लागते. कार्यपुस्तिका, म्हणजे एक्सेलची पूर्ण फाइल, आत सामावून घेण्याचा पर्याय निवडला, तर दिसते फक्त आकृती, पण तिच्यामागे संपूर्ण कार्यपुस्तिका, म्हणजे इतर पानांवरची सभासदांची नावे आणि येणे-देणेही, अहवालाच्या फाइलबरोबर दुसऱ्याच्या हाती जाते. सभेपूर्वी अहवाल सर्वांना पाठवणाऱ्या संस्थांनी आकृती चित्र म्हणून चिकटवावी, हे उत्तम.

त्या विद्यार्थिनीने तक्त्यात ‘वाफ व इतर’ अशी पाचवी ओळ घालून तिथे ५३ लिहिले. नवी पाकळी १९०.८ अंशांची, अर्ध्या वर्तुळाहून मोठी निघाली. साखर आपल्या १२ टक्क्यांवर परत आली. आकृतीखाली मथळा घालताना तिने शेवटी स्वतःहून तीन शब्द जोडले : एकूण १०० किलो.