पाळणा का लांबतो?

खेड्यातून शहरात कामाला आलेली तरुण जोडपी मूल लांबणीवर का टाकतात, असे विचारले की ‘शहराचे वारे लागले’ हे उत्तर घरोघरी तयार असते. लोकसंख्याशास्त्राला ते पुरेसे वाटत नाही. गाव सोडणारी मुले-मुली मुळातच अधिक शिकलेली आणि उशिरा लग्न करणारी असतील, तर जो फरक आपण शहराच्या नावावर मांडतो तो गाडीत बसण्यापूर्वीच पडलेला असतो. नवरा पुण्यात आणि बायको अक्कलकोटजवळच्या गावी, अशा ताटातुटीनेही मूल लांबते. पण ती कसर एकत्र राहू लागल्यावर बरीचशी भरून निघू शकते. शहरातील घरभाडे आणि शाळेची फी पाहून खरोखर मत बदलणे ही तिसरीच गोष्ट, आणि तिला कधीकधी एक पिढी लागते.

शिवाय ‘खेडे म्हणजे लेकुरवाळे घर’ ही समजूतही आता जुनी झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर स्त्रीमागे सरासरी मुले शहरात १.६, तर ग्रामीण भागात २.१ होती, आणि २.१ हा लोकसंख्या स्थिर राखणारा आकडा मानला जातो. महाराष्ट्राचा एकूण आकडा तर १.७ होता.

सोलापुरात मात्र मला ‘शहर’ हा शब्दच फार ढोबळ वाटतो. तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबांनी घडवलेल्या या गावात हजारो बायका कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरीच विड्या वळतात. मजुरी तुटपुंजी आणि तंबाखूची धूळ घरभर, त्यामुळे या कामाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही पाळण्याची दोरी हाताशी ठेवून ते करता येते. कपड्यांच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या तरुणीला ती सोय नसते. दोघीही शहरातच राहतात, पण पहिलीच्या कामात मूल सामावते आणि दुसरीच्या कामात सामावत नाही.

कायद्याने यावर तोड काढलेली आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. पण दहा-पंधरा जणांच्या कारखान्याला पाळणाघराची सक्ती लागू होत नाही, आणि रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेले असावे लागते, जे वरचेवर काम बदलणाऱ्या नवख्या मुलीला जड जाते.

मानसशास्त्रात एखाद्या कृतीच्या इराद्यामागे तीन गोष्टी धरतात: स्वतःला ती कशी वाटते, जवळच्यांची अपेक्षा काय, आणि ती आपल्याला जमेल असा भरवसा किती. स्थलांतरित जोडप्याच्या पहिल्या दोन गोष्टी गावातून बऱ्याचशा जशाच्या तशा येतात. डळमळतो तो भरवसा, कारण सासू किंवा आई गावीच राहिलेली असते. म्हणून ‘किती मुले हवीत?’ या प्रश्नाला ‘दोन’ असे उत्तर देणारे जोडपे एकावर थांबले, तर त्याचे मत बदलले असे लगेच मानता येत नाही. त्याच प्रश्नावलीत ‘दिवसभर मूल कोणापाशी राहील?’ हेही विचारलेले असावे लागते.