ओरेक्झिन

मेंदूतील अधोथॅलॅमस या भागात तयार होणारे, जागेपण टिकवून धरणारे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी). हायपोक्रेटिन हे त्याचेच दुसरे नाव. ते तयार करणाऱ्या चेतापेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी (अनावर निद्रा) होते. ‘निद्रारोग’ हा शब्द मराठीत त्से-त्से माशीमुळे होणाऱ्या आफ्रिकी रोगासाठी रूढ असल्याने येथे टाळला आहे.

दोन नावांमागे एकाच वर्षातले दोन शोध आहेत. १९९८ च्या प्रारंभी कॅलिफोर्नियात लुईस द लेसेआ व सहकाऱ्यांनी या पेप्टाइडांचे वर्णन केले आणि आतड्यातील सिक्रेटिन या संप्रेरकाशी साम्य दिसल्याने हायपोक्रेटिन हे नाव दिले. पाठोपाठ टेक्सासमध्ये ताकेशी साकुराई, मासाशी यानागिसावा आदींना तीच पेप्टाइडे स्वतंत्रपणे सापडली. ती मेंदूत टोचल्यावर उंदीर जास्त खाऊ लागले, म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ओरेक्झिन. खरे तर दोन्ही बारशी थोडी घाईचीच : सिक्रेटिनशी साम्य पुसट ठरले आणि भूक हे या द्रव्याचे मुख्य काम नव्हे. आज जनुकाला हायपोक्रेटिनचे व ग्राहींना (पेशींवरील ज्या रेणूंना ते जुळते त्यांना) ओरेक्झिनचे नाव आहे. औषधशास्त्रात रुळलेले नाव या नोंदीत स्वीकारले आहे.

नार्कोलेप्सीच्या पहिल्या वर्णनाच्या श्रेयाबाबतही मतभेद आहेत. बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी १८७७ मध्ये असा रुग्ण मांडला होता. फ्रेंच वैद्य झेलिनो यांनी १८८० मध्ये नार्कोलेप्सी हे नाव दिले. त्यांचा रुग्ण दारूची पिंपे विकणारा ३८ वर्षांचा व्यापारी होता. वर्णनाचा मान वेस्टफाल यांना आणि स्वतंत्र विकार म्हणून मांडणीचा झेलिनो यांना देणे अधिक रास्त दिसते. ‘कॅटाप्लेक्सी’ (हसण्यासारख्या भावनेने स्नायू अचानक सैल पडणे) ही संज्ञा लोवेनफेल्ड (१९०२) यांची की हेनेबर्ग (१९१६) यांची, यावर संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही; बहुतेकांचा कल पहिल्याकडे आहे.

कार्य : जागेपणी नॉरअॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन, हिस्टामिन व अॅसिटिलकोलिन ही संदेशवाहक द्रव्ये स्रवणाऱ्या पेशी मेंदूला चेतवत असतात. अधोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील गाबा व गॅलानिन स्रवणाऱ्या पेशी त्यांना आवरतात आणि झोप येते. दोन्ही पक्ष एकमेकांना दाबतात. सी-सॉच्या फळीसारखी एक बाजू वर गेली की दुसरी खालीच राहते. फळी जागेपणाच्या बाजूला रोखून धरणे हे ओरेक्झिनचे काम. माणसात या पेशी अंदाजे ७०,००० म्हणजे अगदी मूठभर, पण त्यांचे तंतू मेंदूभर पसरलेले असतात. स्वप्नांच्या (रेम) झोपेत नॉरअॅड्रेनॅलिन व सेरोटोनिन जवळजवळ थांबतात, अॅसिटिलकोलिन वाढते आणि शरीराचे स्नायू सैल पडतात. याशिवाय दिवसभर मेंदूत अॅडिनोसिन साचत जाऊन झोपेचा दाब वाढतो. पुण्यातल्या अमृततुल्यचा चहा जे करतो ते एवढेच : त्यातले कॅफीन अॅडिनोसिनचे ग्राही अडवून बसते. साचलेले अॅडिनोसिन त्याने कमी होत नाही.

नार्कोलेप्सी : हा झोप ‘जास्त’ असण्याचा विकार ही समजूत चुकीची आहे. चोवीस तासांतली एकूण झोप सहसा फारशी वाढलेली नसते. रात्रीची तर तुटकच असते. झोप व जागेपण यांतली सीमा ढासळलेली असते. कट्ट्यावर कोणी विनोद केला, हसू फुटले आणि रुग्णाची मान कलते, जबडा सैल होतो, गुडघे मुडपतात, हातातला कप बशीवर आपटतो. तो बेशुद्ध नसतो, भोवतालचे बोलणे त्याला ऐकू येत असते. मिनिटा-दोन मिनिटांत तो सावरतो. हीच कॅटाप्लेक्सी : रेम झोपेतले स्नायूंचे सैलपण जागेपणी उतरते. झोप लागताना दिसणारे भास व निद्रापक्षाघात (जाग असूनही शरीर हलवता न येणे) हीही तशीच घुसखोरी. पुणेकरांच्या वामकुक्षीशी याची गल्लत नको. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. दुपारची ती सुस्ती शरीराच्या दैनिक लयीचा भाग आहे आणि माणूस ती ठरवून घेतो. (चरकसंहितेला मात्र दिवसाची झोप उन्हाळ्याखेरीज सहसा मान्य नाही.)

कारण : १९९९ मध्ये नार्कोलेप्सी असलेल्या कुत्र्यांत ओरेक्झिनच्या एका ग्राहीचे जनुक बिघडलेले आढळले, माणसात मात्र २००० मध्ये पेशीच नाहीशा झालेल्या दिसल्या, ८५ ते ९५ टक्के. मेरुद्रवातील ओरेक्झिन मिलिलिटरला ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी भरले तर पहिल्या प्रकारच्या (कॅटाप्लेक्सीयुक्त) विकाराचे निदान पक्के मानतात. जवळजवळ सर्व अशा रुग्णांत एचएलए-डीक्यूबी१*०६:०२ हा प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकप्रकार असतो, पण तो निरोगी माणसांतही पुष्कळ आढळतो. म्हणून प्रतिकारशक्तीचा स्वतःवरच हल्ला व त्याला बाहेरचे निमित्त, हे मत आज अधिक ग्राह्य आहे. असे एक निमित्त पुण्याच्या परिचयाचे आहे : २००९ चा स्वाइन फ्लू. त्याचा भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच झाला. नायडू रुग्णालयासमोर तोंडाला रुमाल बांधून लागलेल्या रांगा अनेकांना आठवतील. त्या साथीनंतर चीनमध्ये नार्कोलेप्सीचे नवे रुग्ण वाढले, तर फिनलंड व स्वीडनमध्ये पॅन्डेमरिक्स या स्वाइन फ्लूच्या लसीनंतर मुला-तरुणांत. त्या लसीत प्रतिसाद वाढवणारे एएस०३ हे द्रव्य होते. पुण्यात २०१० मध्ये तयार झालेली नाकातून द्यायची लस वेगळ्या, जिवंत पण क्षीण विषाणूंच्या जातीची होती.

उपचार : गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. मोडाफिनिल जागे ठेवते, पिटोलिसन्ट हिस्टामिन वाढवते, सोडियम ऑक्सिबेट रात्री देतात. ठरलेल्या वेळी घेतलेल्या छोट्या डुलक्यांचाही उपयोग होतो. उलट, निद्रानाशावर २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सुव्होरेक्सन्ट ओरेक्झिनचेच ग्राही अडवते.