ब्रसेल्समधलं बिअरचं जेवण: फॉर्म भरण्याआधी वाचा

सहलीतल्या ब्रसेल्स मुक्कामात एका दुपारचं जेवण बिअर घालून स्वयंपाक करणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये आहे. मोठ्या गटाने कोण काय खाणार हे तिथे आधी कळवावं लागतं. म्हणून सोबतच्या फॉर्मवर खुणा करून तो निघण्याच्या आठ दिवस आधी ऑफिसात द्या. ऐनवेळी बदल होत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. तिथे ‘मेन्यू’ म्हणजे ठरलेल्या दरातलं ठरलेलं जेवण. पदार्थांच्या यादीला ‘कार्त’ म्हणतात. ‘आंत्रे’ ही सुरुवातीची छोटी डिश असते, मुख्य पदार्थ नव्हे. आपल्या जेवणात आंत्रे, मुख्य पदार्थ आणि गोड असे तीन पदार्थ आहेत. पाव जेवणाच्या दरात धरलेला आहे, पेयं नाहीत. पाण्याचीही बाटली विकत घ्यावी लागते. नळाचं पाणी मागितलं तर बऱ्याच ठिकाणी सरळ नाही म्हणतात. सर्व्हिसचे पैसे बिलातच असतात, त्यामुळे टिप ऐच्छिक.

मुख्य पदार्थात सर्वाधिक मागणी कार्बोनादला असते. हे गोमांस आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी त्यावर खूण करू नये. एक किलो मांसाला साधारण अर्धा किलो कांदा आणि अर्धा लिटर तपकिरी बिअर लागते. मांसाचे मोठे तुकडे लोण्यात लाल करायचे, त्याच भांड्यात कांदा सावकाश परतायचा, मग बिअर, थाइम आणि लॉरेलचं पान (आपलं तमालपत्र वेगळं). वर मोहरीची पेस्ट फासलेला पावाचा काप, फासलेली बाजू खाली. अडीच-तीन तासांत तो काप विरघळतो आणि रस्सा दाट होतो.

पहिल्या घासाला काहींना वाटतं, रस्सा करपलाय. तसं नसतं. बिअरमधल्या हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडूपणा वाफेबरोबर उडत नाही. रस्सा आटेल तसा तो उलट वाढतो. म्हणून तिथले स्वयंपाकी कमी हॉप्सची, माल्टकडे (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या गोडसर चवीकडे) झुकणारी बिअर घेतात आणि शेवटी थोडी ब्राऊन शुगर व व्हिनेगर घालतात. आमटीत चिंच-गूळ जे करतात, तेच काम. घरी करून पाहणाऱ्यांनी कडक हॉप्सची आयपीए वापरली की हमखास बिघडतं.

‘शिजवली की दारू उडून जाते’ हे अर्धंच खरं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून अर्धा तास शिजवल्यावर सुमारे ३५ टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५ आणि अडीच तासांनी ५ टक्के. म्हणजे वरच्या कार्बोनादमध्ये ६ टक्क्यांची अर्धा लिटर बिअर असेल, तर ३० मिलीपैकी दीड मिली उरलं, तेही चौघांत. पाच-दहा मिनिटांत होणाऱ्या पदार्थांत मात्र बरंच जास्त राहतं: उदाहरणार्थ ‘मूल’. नावावर जाऊ नका, हे काळ्या कवचाचे शिंपले, गोव्यातले शिनाणे. अंड्याचा बलक, साखर आणि क्रीक (चेरीची बिअर) गरम पाण्यावर फेटून केलेला साबायोंही त्यातलाच. दारू अजिबात न घेणारे, गरोदर महिला, लहान मुलं आणि मेट्रोनिडाझोलसारखी औषधं चालू असलेले यांनी ‘बिअरविना’ची खूण करावी. बिअर बार्लीची असल्यामुळे ग्लुटेन न चालणाऱ्यांनीही.

ग्यूझमध्ये शिजवलेला ससा आंबट लागतो. ग्यूझ ही लांबिक बिअरच्या एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या पिंपांचं मिश्रण. तिला बाहेरून यीस्ट घालत नाहीत, ते हवेतून आणि लाकडी पिंपांतून येतं. आंबटपणा हीच तिची चव, बिघाड नव्हे. क्रीक म्हणजे आंबट चेरी घातलेली लांबिक.

शाकाहारी मंडळींनो, धोका बटाट्याच्या फ्राइजमध्ये आहे. बेल्जियममध्ये त्या परंपरेने गाईच्या चरबीत दोनदा तळतात. वनस्पती तेलात तळणार असल्याची खात्री आम्ही रेस्टॉरंटकडून करून घेतो आणि तसं होणार नसेल तर फ्राइजऐवजी सॅलड ठेवतो. बिअरच्या कांदा सूपचा स्टॉक बहुधा मांसाचा असतो, त्यावर खूण करू नका. चीज क्रोकेत घेता येईल, पण त्यात अंडं असतं आणि चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असू शकतं. जैन जेवणाचा डबा वेगळा येईल. फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहा.

जेवणासोबत बिअर हवी असेल तर ती स्वतःच्या खर्चाने. १६ वर्षांखालच्यांना ती विकत नाहीत. ३३ सेंटिलिटरच्या बाटलीत ८-९ टक्क्यांची बिअर सर्रास मिळते, तेव्हा लेबल वाचून मागवा. दुपारी बराच वेळ पायी फिरायचं आहे.

ग्रां प्लासवरून (शहरातला मुख्य चौक) १२.१५ला निघू. स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं आणि उशिरा आलेल्याला आंत्रे मिळत नाही, थेट मुख्य पदार्थ येतो. पैसे मात्र तिन्हींचे.