गाय गाभडते तेव्हा: निओस्पोरा आणि त्याच्या लसीची पार्श्वभूमी

पाचव्या-सहाव्या महिन्यात गाय गाभडली की पहिली शंका ब्रुसेलाची येते, आणि ती यायलाच हवी. ब्रुसेला हा जिवाणू माणसालाही लागतो, त्याच्यावर लस आहे, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ती टोचण्याची सरकारी मोहीमही चालू आहे. पण ब्रुसेलाची तपासणी निगेटिव्ह आली की बहुतेक गोठ्यांत चौकशी तिथेच थांबते. उन्हाचा ताप झाला असेल, दुसरीचं शिंग लागलं असेल, असं काहीतरी ठरतं आणि गाय पुन्हा माजावर यायची वाट पाहिली जाते.

दूध धंदा मोठा असलेल्या देशांत ही चौकशी पुढे नेल्यावर एक परजीवी हाती लागला. निओस्पोरा कॅनायनम हे त्याचं नाव. त्याच्यावरची लस बाजारात आली, काही वर्षं राहिली आणि परतही गेली. आज गायीला निओस्पोराविरुद्ध टोचायला जगात कुठेही विकतची लस नाही. हा परजीवी गायीपर्यंत येतो कसा, हे पाहिलं की लस का अडली ते उलगडतं.

परजीवीमुळे गर्भपात ही गोष्ट त्याआधीही माहीत होती. ट्रायट्रायकोमोनास फीटस नावाचा एकपेशीय जीव वळूच्या शिश्नावरणात राहतो आणि नैसर्गिक संयोगातून गायीत जातो. गाय लागते, पण सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भ जातो. युरोपातल्या दुधाळ कळपांतून हा रोग हटला तो मुख्यतः कृत्रिम रेतनामुळे. तपासलेल्या वळूचं वीर्य वापरलं की रोगाची वाटच तुटते. अमेरिकेत मांसासाठीच्या मोकळ्या कळपांत मात्र वळू अजून गायींबरोबर सोडतात. तिथे हा रोग टिकून आहे आणि गायींसाठी मेलेल्या परजीवीची लसही वापरली जाते.

निओस्पोराला रेतनाने अटकाव होत नाही, कारण तो त्या वाटेने येतच नाही.

त्याची पहिली ओळख कुत्र्यांत झाली. १९८४ साली नॉर्वेतल्या पशुवैद्यांनी बॉक्सर जातीच्या पिल्लांचा एक आजार नोंदवला. मेंदू आणि स्नायूंत दाह होता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा जीव टॉक्सोप्लाझ्मा या आधीपासून माहीत असलेल्या परजीवीसारखा होता, पण रक्तात टॉक्सोप्लाझ्माची प्रतिपिंडं, म्हणजे त्याच्याशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, नव्हती. चार वर्षांनी त्याला नाव मिळालं. ते देणाऱ्यांत प्रमुख होते जितेंद्र दुबे, भारतात पशुवैद्यक शिकलेले आणि पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत काम केलेले परजीवीतज्ज्ञ. बोस्टनच्या एका प्राणी-रुग्णालयात टॉक्सोप्लाझ्मासारख्या आजाराने मेलेल्या २३ कुत्र्यांच्या जपून ठेवलेल्या स्लाइड त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा काचेखाली घेतल्या. त्यातल्या १० कुत्र्यांमध्ये टॉक्सोप्लाझ्मा नव्हताच, वेगळाच जीव होता. कपाटातल्या जुन्या काचा कुणीतरी टाकून न देता ठेवल्या म्हणून हे कळलं. प्रयोगशाळेतल्या या नीटनेटकेपणाला आपण फार कमी मोल देतो.

लगेचच हा जीव अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका डेअरीच्या गाभडलेल्या गर्भांत सापडला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तिथल्या डेअऱ्यांमधल्या गर्भपातांचं हे एक मोठं कारण आहे. गर्भाकडे पाहून काही कळत नाही. तो कुजू लागलेला असतो, कधी सुकून चिवट झालेला. खूण असते ती मेंदूच्या पातळ कापात, मेलेल्या पेशींच्या एखाद्या लहानशा ठिपक्यात. म्हणून गाय गाभडली की जमल्यास अख्खा गर्भ बर्फात घालून, वारेचा तुकडा आणि गायीचं रक्त यांसह प्रयोगशाळेत पाठवावा. उकिरड्यावर टाकलेल्या गर्भाबरोबर पुरावाही जातो.

आणि नुसता पुरावाच जात नाही. १९९८ साली अमेरिकेतच प्रयोगाने सिद्ध झालं की कुत्रा हा या परजीवीचा अंतिम यजमान आहे. बाधित मांस किंवा वार कुत्र्याने खाल्ली की त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडीवजा रूपं बाहेर पडतात. ऊसिस्ट म्हणतात त्यांना. चाऱ्यावर, मुरघासाच्या खड्ड्यात, पाण्याच्या हौदात ती पडली की गायीच्या पोटात जातात. पुढे अमेरिकेतला कोयोट हा लांडग्यासारखा प्राणी, ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा डिंगो आणि लांडगा यांचीही यजमान म्हणून नोंद झाली. आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्री गाय व्यायली, पहाटे वार पडली, आणि धारा काढायला माणूस येईपर्यंत ती कुत्र्याने ओढत नेलेली असते. साखळी पुरी व्हायला एवढं पुरतं.

तरीही कुत्रा हे अर्धंच उत्तर आहे. स्वीडनमधल्या एका कळपात सगळ्या गायींची रक्ततपासणी झाली आणि बाधित गायींची वंशावळ मांडली गेली. कळप सुरू करताना सोळा वर्षांपूर्वी विकत आणलेल्या दोन गायींपाशी सगळ्या बाधित गायींचा माग पोहोचला. आजीकडून आईला, आईकडून कालवडीला, असा रोग गोठ्यातल्या गोठ्यात वारशाने उतरत होता. बाधित गायीच्या पोटातल्या वासराला लागण होण्याचं प्रमाण काही कळपांत ९५ टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. यातली बहुतेक वासरं धडधाकट जन्मतात. कालवड देखणी असते, वेळेवर माजावर येते, गाभण राहते. तिच्या मेंदूत आणि स्नायूत परजीवी गाठोडी बांधून झोपलेला असतो. गाभण असताना तो जागा होतो. एखाद्या वेताला गर्भ जातो, एखाद्या वेताला पुन्हा तशीच देखणी, बाधित कालवड जन्मते.

आता लसीची अडचण दिसू लागते. बहुतेक लशी बाहेरून येणाऱ्या रोगाला दारात अडवतात. निओस्पोरा कित्येक गोठ्यांत दाराच्या आत, जन्मापासून बसलेला असतो. म्हणजे लसीला दोन कामं सांगावी लागतात: बाहेरची नवी लागण रोखणं, आणि आत झोपलेल्या परजीवीला गाभणपणात वार ओलांडू न देणं. दुसरं काम भलतंच कठीण आहे. हा जीव पेशीच्या आत राहतो, त्यामुळे त्याला आवरायला नुसती प्रतिपिंडं पुरत नाहीत. इंटरफेरॉन गॅमा या संदेशक प्रथिनावर चालणारी पेशींची प्रतिकारशक्ती लागते. आणि गाभणपणात गायीचं शरीर नेमकी हीच शक्ती सौम्य करतं, कारण वासरू निम्मं परकं असतं आणि ते टिकवायचं असतं. आई वासराला सांभाळण्यासाठी जो ढिलेपणा देते, त्याच फटीतून परजीवी वासरापर्यंत पोहोचतो.

लस होऊ शकेल ही आशा मुळात मेंढ्यांमुळे आली. न्यूझीलंडमध्ये १९५०च्या दशकात मेंढ्यांच्या गर्भपातामागे टॉक्सोप्लाझ्मा असल्याचं उघड झालं होतं. तिथल्याच एका गाभडलेल्या कोकरातून मिळालेला एस-४८ हा वाण उंदरांमध्ये हजारो वेळा पुढे नेता नेता शरीरात गाठी बांधून दडून राहण्याची क्षमता हरवून बसला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याची जिवंत लस तिथे बाजारात आली. संयोगाआधी एक टोचणी दिली की मेंढीला चांगलं संरक्षण मिळतं. टॉक्सोप्लाझ्मा निओस्पोराचा जवळचा नातलग, तेव्हा तिथे जमलं ते इथेही जमेल असं वाटणं साहजिक होतं.

गायीसाठी मात्र आधी आली ती मेलेल्या परजीवीची लस. निओगार्ड हे तिचं नाव. मेलेली लस सुरक्षित, साठवायला सोपी, परवाना मिळायलाही सोपी. कोस्टारिकातल्या २५ कळपांत ८७६ गायींवर तिची चाचणी झाली. लस न दिलेल्या गायींत २०.८ टक्के गर्भपात झाले, लस दिलेल्यांत ११.२ टक्के. आकडा उत्साहाचा होता. नंतर न्यूझीलंडमधल्या पाच कळपांत ती पाहिली गेली, तेव्हा ठळक फायदा एकाच कळपात दिसला. शिवाय एक व्यवहारातली अडचण होतीच. लस दिलेल्या गायीच्या रक्तातही प्रतिपिंडं दिसतात, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत बाधित गाय कोणती आणि टोचलेली कोणती हे सांगता येत नाही. गोठ्यातली बाधित वंशावळ शोधून काढण्याचं एकमेव हत्यार त्यामुळे बोथट होतं. लस अखेर बाजारातून गेली, आणि माझ्या मते त्यात शेतकऱ्याचं फार नुकसान झालं नाही.

मग लक्ष जिवंत लसीकडे वळलं. ब्रिटनमध्ये २००१ साली दिसलं होतं की गाभण राहण्यापूर्वी लागण झालेल्या गायींना मधल्या महिन्यांत मुद्दाम परजीवी टोचला तरी गर्भ वाचतो. ऑस्ट्रेलियातल्या नाउरा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सौम्य वाणाने असंच संरक्षण दिलं, स्पेनमध्ये निरोगी दिसणाऱ्या वासरातून मिळालेल्या वाणानेही आशा दाखवली. इस्रायलमधला प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो, कारण तो आधीच बाधित असलेल्या कालवडींवर, प्रत्यक्ष कळपात झाला. जिवंत लस दिलेल्यांत १६ टक्के गाभडल्या, न दिलेल्यांत २६ टक्के. पण जन्मलेल्या वासरांत लागणीचं प्रमाण कमी झालं नाही. गर्भपात काही अंशी टळले, पण परजीवीला वार ओलांडू न देण्याचं दुसरं काम तसंच राहिलं.

जिवंत लसीपुढे साठवणुकीचाही प्रश्न आहे. असे जीव बाहेर फार दिवस टिकत नाहीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावे लागतात. आपल्याला हे नवं नाही. रेतनाच्या कांड्या गावोगाव नायट्रोजनच्या कंटेनरमधूनच फिरतात, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियासिसवरची रक्षाव्हॅक-टी ही भारतीय जिवंत लसही तशीच ठेवली जाते. परजीवीवर गायीसाठी लस करणं अशक्य नाही, याचा हा आपल्या गोठ्यातला दाखला आहे. धास्ती आहे ती दुसरीच: सौम्य म्हणून टोचलेला वाण गायीत मुक्काम करून पुढे वासरात उतरला तर काय?

भारतात गायी-म्हशींच्या रक्तात निओस्पोराची प्रतिपिंडं पंजाबसह काही राज्यांत आढळली आहेत. परदेशात बाधित गाय काढून कत्तलीला पाठवणं हा नियंत्रणाचा मुख्य मार्ग असतो. महाराष्ट्रात तो कायद्यानेच बंद आहे. विकावी तर रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. म्हणून इथे ज्या गायीची तपासणी पॉझिटिव्ह येईल तिचं दूध घ्यावं, पण तिची कालवड पुढच्या पैदाशीसाठी ठेवू नये. चांगल्या वंशाची गाय असेल तर तिचा भ्रूण निरोगी गायीत ठेवूनही ही साखळी तुटते, कारण लागण वारेतून होते. नवी गाय आणताना ब्रुसेलाबरोबर निओस्पोराचीही तपासणी मागावी. चारा आणि हौद कुत्र्यांपासून झाकावा. आणि गाय व्यायली किंवा गाभडली की नमुना काढून घेतल्यावर वार आणि गर्भ कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल, चुना घालून, त्याच दिवशी पुरावेत.